आक्का, मी आणि डाव्या दाराची काच

आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच खाली गेली, ती परत वर आलीच नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कुर्डुवाडीपुढच्या केमला असतात. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून जवळ आहेत, पण शेताचं आणि विहिरीवरच्या मोटारीचं त्या अजून स्वतःच बघतात. मोतीबिंदू पिकल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याची शेळी आपली समजून दाव्यानं ओढत घरी आणली, आणि ती आपली नाही हे काही केल्या कबूल करेनात, तेव्हा सुनेनं आम्हाला सोलापूरला फोन केला.

मे महिना होता. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळं मला सुट्टी होती. माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, त्याची सकाळची पाळी चालू होती. तेव्हा आक्कांना स्टेशनवरून आणणं, दवाखान्यात नेणं, औषध घालणं, सगळं माझ्याकडं आलं. मला त्याचं जरा दडपणच आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आक्का आणि मी दोघीच अशा कधी राहिलो नव्हतो. आमच्या भेटी लग्नात, बारशाला, जत्रेला. तेव्हा भोवती माणसं असायची आणि बोलणंही त्या माणसांबद्दलच व्हायचं. त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, फार गोडही वागल्या नाहीत. आल्या की केमच्या कुंकवाची पुडी हातात ठेवायच्या, "बरी हायेस न्हवं?" म्हणायच्या आणि भावाकडं वळायच्या.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा गॉगल अशा अवतारात मी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि एसी लावला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडतोय तोच त्या म्हणाल्या, "ही थंड हवा बंद कर. माजं डोकं धरतं. काच खाली घे की."

"आक्का, डॉक्टर म्हणाले वारं लागू द्यायचं नाही."

"जराशी घे."

मी माझ्या बाजूला असलेलं त्यांच्या काचेचं बटण दाबलं. डावी काच जराशी थांबली नाही, पूर्ण खाली गेली. वर घ्यायला गेले तर काही हलेना. आक्कांनी त्यांच्या दारावरचं बटण दाबलं, तरी नाही. भर दुपारी, सात रस्ता चौकाच्या गर्दीतून, आक्का डोक्यावरून पदर आणि पदरावर माझा टॉवेल धरून बसल्या होत्या.

पुढचे काही दिवस गाडी दारातल्या लिंबाखाली उभी होती. उघड्या काचेला मी प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनं लावला होता. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन गेला. त्यानं बटण दोनदा दाबलं, दारावर तळहातानं थापट्या मारल्या आणि म्हणाला, "मोटार गेली. सेटच बदलावा लागेल, मॅडम. माल बाहेरून येतो, आठवडा धरा."

आठवडा आमच्याकडं नव्हता. आक्कांच्या सुनेच्या भावाचं लग्न होतं. ती नवऱ्यासह माहेरी जाणार, मग घरी शेळ्यांकडं बघायला कोण, हा आक्कांचा घोर. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती, पण रेल्वेच्या गर्दीत धक्के नकोत आणि डोळ्यात धूळ जायला नको, असं बजावलं होतं. म्हणजे गाडीनंच जायचं. आणि उन्हाळ्यात मोहोळ सोडून केमच्या बाजूला निघालं की कशी धूळ उडते, हे मला भूगोल न शिकवताही माहीत होतं.

तोवर आक्का घरात कंटाळून गेल्या होत्या. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही. दर दोन-तीन तासांनी मी त्यांना कॉटवर निजवायची, पापणी बोटानं खाली ओढायची आणि थेंब टाकायची. पहिल्या दिवशी दोघीही अवघडलो होतो. त्यांच्या चेहऱ्याला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच मान वर करायला लागल्या. थेंब टाकून झाले की डोळे मिटून पडायच्या आणि काहीबाही बोलायच्या. विहिरीला पाणी किती खोल गेलंय. लाइट कधी येते, कधी जाते. मी ऐकायची.

अशाच एका सकाळी थेंब टाकल्यावर डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "त्या गाडीची दुसरी काच चालती का?"

"कुठली?"

"तुज्या बाजूची."

गाडी आम्ही दुसऱ्याकडून घेतलेली, जुनी. पुढच्या दोन काचा बटणावर, मागच्या दोन हातानं फिरवायच्या. "माझ्या बाजूची चालते," मी म्हणाले.

"मग गाडीत लाइट हाय. गावात लाइट हाय आन् आपल्याच घरात न्हाय, असं झालंय. बटण दाबलं की दारात कायतरी गुरगुरतं का?"

"नाही. अगदी गप्प."

"गुरगुरलं असतं तर काच अडाकली म्हनायची. गप हाय, म्हंजी मोटार तरी मेली, न्हायतर तिच्यापातुर लाइटच जाईना. त्या मानसानं दार खोलून बगितलं व्हतं का?"

"नाही."

"मग त्याला कसं कळलं मोटार मेली?"

आक्का उठून बसल्या. "विहिरीवरची मोटार बंद पडली की सगळे आदी मोटारीलाच शिव्या देत्यात. निम्म्या वेळा वायरच तुटलेली असती. उंदरं खात्यात. चल, बगू तर."

"तुम्हाला वाकायचं नाही."

"मी कुटं वाकती? मी खुर्चीत बसती. तू वाक."

मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी तीनला सुटतो. तोवर दाराला हात लावू नका." मी बरं म्हणाले. फोन ठेवला, आक्कांची खुर्ची लिंबाखाली नेली आणि काचेच्या जागी चिकटवलेला कागद काढून टाकला.

दाराचं आतलं पॅड कसं काढायचं, हे मी मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत बघितलं. हँडलच्या खाचेत एक स्क्रू, हात टेकायच्या जागी दोन, कोपऱ्यात एक. बाकी सगळं पॅड आतल्या बाजूनं प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसवलेलं असतं, ते चारी बाजूंनी हळूहळू उचकटायचं. व्हिडिओतल्या माणसाकडं त्यासाठी वेगळं अवजार होतं. मी स्वयंपाकघरातून लाकडी उलथनं आणलं. पहिली खुंटी सुटताना इतका मोठा आवाज झाला की मी दार मोडलं असं समजून मागं सरकले.

"काय तुटलं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. सुटलं."

"मग भितीस कशाला?"

एक खुंटी मात्र खरंच तुटली. मी ती खिशात टाकली आणि पुढं गेले. पॅडच्या मागं एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकानं डकवलेला होता. तो सोलताना डिंक माझ्या बोटांना, कोपराला आणि कसा कोण जाणे, कानालाही लागला. पण कागद बाजूला झाल्यावर दाराचं पोट उघडं पडलं. इतकी वर्षं जे दार मी उघडलं आणि आपटलं, त्याच्या आत काय असतं ते मी पहिल्यांदा बघत होते. काच खाली एका पट्टीवर उभी होती. पट्टीला लोखंडी दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला एक लहानशी मोटार. ती माझ्या मुठीएवढीही नव्हती.

मी आक्कांना सगळं सांगत गेले. त्यांनी विचारलं, "मोटारीला वायरी किती?"

"दोनच."

"मग सोपं हाय."

त्यांच्या सांगण्यावरून मी जुन्या स्पीकरची लांब वायर शोधून आणली. बॉनेट उघडलं. बॅटरीवरून दोन वायरी काढून दारापर्यंत आणल्या. मोटारीचा प्लग सोडवून ठेवला होता. "दोन्ही टोकं एकामेकाला लागू देऊ नगंस," आक्का म्हणाल्या, "आन् दारात बोट ठिवू नगंस. मोटार हाताला वळखत न्हाय."

मी टोकं मोटारीला टेकवली. खट्ट आवाज झाला आणि काच दाराच्या तळाशी आणखी घट्ट बसली. मी टोकं मागं घेतली.

"वाजलं की," आक्का म्हणाल्या.

"पण ती खाली जातेय."

"मग उलटी लाव. आमच्यात तर वायरमननं फेज उलटे जोडले की मोटार उलटी फिरती, पानीच येत न्हाय. हिचंबी तसंच असंल."

मी टोकांची अदलाबदल केली. गुर्र करत काच वर आली. धुळीनं माखलेली, मधे लिंबाचं वाळकं पान अडकलेली ती काच सरळ वर सरकत गेली आणि चौकटीत बसली. मी वायरी सोडून टाळी वाजवली. मग आक्कांना डोळ्यानं नीट दिसत नसणार म्हणून त्यांचा हात धरून काचेवर ठेवला. त्यांनी काच वरपासून खालपर्यंत चाचपली.

"मोटार जित्ती हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

खरं तर काम झालं होतं. काच वर आली होती. धूळ लागणार नव्हती. पॅड बसवून उद्या निघता आलं असतं. मी तसं म्हणालेही. "आता राहू दे आक्का. काच बंद झाली, बास की."

त्यांनी गॉगल सारखा केला. "आन् खाली कशी घ्यायची? मला ती थंड हवा सोसत न्हाय. केमपातुर तोंड दाबून बसू का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् दुखणं तर अजून गावलंच न्हाय. मोटार बरी हाय एवढंच कळलं."

मी त्यांच्याकडं बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून मरगळलेल्या बाई खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसल्या होत्या. त्यांना हे सोडायचं नव्हतं. आणि मलाही नव्हतं. मी आत जाऊन दोघींना सरबत करून आणलं आणि परत दारापाशी बसले.

आता मोटारीपर्यंत लाइट का येत नाही, ते शोधायचं होतं. आक्का शेतावर अशा वेळी होल्डरला बल्ब लावून तपासतात. घरचा बल्ब गाडीच्या बॅटरीवर लागणार नाही हे मला कळत होतं. माझ्या विकलेल्या स्कूटीचा इंडिकेटरचा एक सुटा बल्ब कपाटात पडून होता. त्याला दोन वायरी गुंडाळल्या आणि त्यांची टोकं मोटारीकडं येणाऱ्या प्लगमध्ये खोचली. आक्कांच्या हातात दारावरचं बटण दिलं. ते आता पॅडमधून सुटून वायरीवर लोंबत होतं.

"दाबा."

बल्ब लागला नाही.

"वर दाबलं. आता खाली दाबलं. लागला?"

"नाही."

"दाबूनच धरती. तू वायरी हलवून बग."

मी दारातल्या सगळ्या वायरी एकेक करून हलवल्या. काही नाही. उन्हं वर चढली होती. मला घाम सुटला होता. पाय आखडले म्हणून मी उठले आणि उठताना आधारासाठी दार धरलं. दार अर्धं मिटलं. त्याच क्षणी बल्ब लकाकला आणि विझला.

"थांबा," मी म्हणाले. "सोडू नका."

मी दार हळूहळू मिटलं. अर्ध्यावर आलं की बल्ब लागायचा. आणखी मिटलं की जायचा. उघडलं की परत त्याच जागी एकदा लकाकायचा. मी हे पुन्हापुन्हा करून बघितलं. आक्का बटण दाबून बसल्या होत्या आणि मी सांगत होते, "आता लागला. गेला. आता लागला."

"म्हंजी दुखणं दारात न्हाय," आक्का म्हणाल्या. "दार जितं वाकतं तितं हाय."

बिजागरीपाशी, दार आणि गाडी यांच्या मधल्या फटीत, पेटीच्या भात्यासारखी वळ्या-वळ्यांची काळी रबरी नळी असते. दाराकडं जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. गाडी घेतल्यापासून मी ती नळी रोज बघत होते, पण तिच्यात काय आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नळीचं टोक गाडीच्या अंगात रुतवलेलं होतं. ते ओढून काढलं आणि नळी मागं सरकवली. आत वायरींचा जुडगा. त्यातली एक जाड वायर वरून धडधाकट दिसत होती, पण बोटांनी दाबल्यावर मधेच पोकळ लागली. थोडं वाकवलं तर तिचे दोन तुकडे झाले. आतलं तांबं हिरवं-काळं पडलं होतं. शेजारच्या वायरीचंही कातडं फाटलं होतं. दार उघडताना आणि मिटताना वर्षानुवर्षं त्या एकाच जागी वाकत आल्या होत्या.

मी तो तुकडा आक्कांच्या चांगल्या डोळ्याजवळ नेला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवला. "बिचारी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला बॅटरीची एक वायर काढून ठेवायला लावली. "आदी मेन पाड, मग हात घाल." मी टोकं चाकूनं सोलली, हिरवं तांबं घासून लालसर केलं, पीळ घालून जोडलं आणि वर टेप गुंडाळली. बॅटरी परत जोडली. मोटारीचा प्लग लावला. आक्कांनी बटण दाबलं. काच खाली गेली. दाबलं. वर आली. अंगणापलीकडच्या घरात एका काकूंचं निवडणं चाललं होतं, त्यांनीही मान वर करून बघितलं.

"झालं," मी म्हणाले.

"दार उघडमीट कर."

मी केली. काच चालली.

"आनी कर."

मी आणखी केली. मग आणखी. आक्का मला थांबू देईनात. "मोटार दुरुस्त केली की आमी लगेच घरी जात न्हाय. वावरातल्या दंडाच्या शेवटापातुर पानी जाईस्तवर थांबतो." मी मनातून वैतागले होते. दार उघडून आपटत राहिले. आणि मग एकदा आक्कांनी बटण दाबलं तर काच जागची हलली नाही.

मी बॉनेटला टेकून उभी राहिले. पीळ सुटला असणार, हे न बघताही कळत होतं. थेंबांची वेळ झाली होती. मी हात धुतले, डिंक काढायला खोबरेल तेल चोळलं, परत साबणानं धुतले आणि आत नेऊन त्यांना थेंब टाकले.

डोळे मिटून पडल्या पडल्याच त्या म्हणाल्या, "पानी शेंदायचा दोर तुटला तर गाठ मारून चालत न्हाय. गाठ रहाटावर आली की अडती, न्हायतर सुटती. दोरच नवा घालावा लागतो."

मी पंख्याखाली बसून विचार करत होते. जोड चुकीचा नव्हता, जोडाची जागा चुकीची होती. जिथं वाकतं तिथं जोड नकोच. नळीच्या पूर्ण लांबीत सलग नवी वायर घालायची. एक जोड दाराच्या आत, एक गाडीच्या आत, जिथं काहीच हलत नाही तिथं. मी हे आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक डोळा किंचित उघडला. "व्हय की," त्या म्हणाल्या. "जा, वायर आन."

गाड्यांच्या वायरिंगचं सामान मिळतं ते दुकान आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. वाटेत यंत्रमागांचे कारखाने, दुपारीही त्यांचा खडखडाट चालू होता. दुकानदार आतल्या खोलीतल्या बायकोशी तेलुगूत बोलत होता, मला बघून मराठीत वळला. मी तुटलेला तुकडा त्याच्यापुढं ठेवला. "एवढ्याच जाडीची द्या, पण मऊ हवी. वाकायची आहे." त्यानं दोन रंगांची वायर मोजून दिली. सोबत टोकं आत घालून पक्कडीनं दाबायच्या पितळी नळ्या दिल्या आणि त्यावर चढवायची, ऊब लागली की आवळणारी प्लास्टिकची नळी.

"मेकॅनिक कोण आहे?" त्यानं विचारलं.

"नणंद," मी म्हणाले. तो हसला. मला वाटतं, त्याला मी गंमत करतेय असं वाटलं.

घरी आले तर आक्का खुर्चीत बसून होत्या. खरी अडचण आता आली. नवी वायर त्या वळ्या-वळ्यांच्या रबरी नळीतून जाईना. ढकलली की पहिल्याच वळीत अडायची आणि दुमडायची. आक्कांनी बसल्या जागी दोन उपाय सांगितले, दोन्ही चालले नाहीत. मग मला परकराची नाडी आठवली. सेफ्टी पिन नाडीला लावून नेफ्यातून सरकवतो, वरून चिमटीत धरून पुढं ढकलायची आणि मागचं कापड ओढायचं. मी मोठी सेफ्टी पिन आणली, मिटून वायरीच्या टोकाला घट्ट बांधली आणि नळीत सारली. रबराच्या बाहेरून पिन चिमटीत येत होती. एकेक वळी पार करत ती पलीकडून बाहेर आली.

"काय केलंस?" आक्कांनी विचारलं.

"नाडी ओवली."

आक्का हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. मग डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे का, असं त्यांनी मला विचारलं आणि त्यावर आम्ही दोघी परत हसलो. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. त्यांनीही मला बघितलं नसावं.

जखमी दिसणाऱ्या दुसऱ्या वायरीलाही मी तसंच नवं अंग दिलं. जोड एकमेकांच्या शेजारी येणार नाहीत असे मागंपुढं ठेवले, पितळी नळ्या पक्कडीनं दाबल्या, आवळणाऱ्या नळ्या चढवून काडेपेटीच्या काड्यांनी शेकल्या. त्या आपोआप आक्रसून वायरीला बिलगल्या तेव्हा मी उगाचच आणखी एका रिकाम्या तुकड्यावर तो प्रयोग करून बघितला. रबरी नळी परत जागेवर बसवली. बॅटरी जोडली.

काच खाली गेली. वर आली. या वेळी आक्कांनी सांगायच्या आधीच मी दार उघडमीट करायला सुरुवात केली. त्या बटण दाबत राहिल्या. किती वेळा, ते दोघींनीही मोजलं नाही. हात दुखले तेव्हा थांबलो.

नवरा आला तेव्हा दाराचं पॅड अंगणात बाजेवर पडलं होतं, त्याच्या शेजारी उलथनं, आणि आम्ही दोघी गाडीत बसून चहा पीत होतो. दोन्ही पुढच्या काचा खाली होत्या. त्यानं आधी पॅडकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"मी काय सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"तू मला कुटं सांगितलंस?" आक्का म्हणाल्या. "हिला सांगितलंस." आणि त्यांनी बटण दाबून स्वतःची काच त्याच्या तोंडासमोर वर केली.

त्यानं खिशातला पाना-पेचकस काढला आणि पॅड बसवायला मदत केली. तुटलेल्या खुंटीच्या जागी त्यानं कारखान्यातून आणून नंतर एक नवी लावली. तोवर ते पॅड खडबडीत रस्त्यावर किंचित कुरकुरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. एवढ्या लांब गाडी मी त्याआधी एकटीनं चालवली नव्हती, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. मोहोळपर्यंत हायवे चांगला, आक्कांनी काच थोडी खाली ठेवली. पुढं धुळीचा पट्टा लागला की त्या स्वतःच वर घ्यायच्या. एखादा ट्रक मागं पडला की परत खाली. कधीकधी धूळ नसतानाही नुसतंच वर-खाली करायच्या. रस्ताभर त्या बोलत होत्या. लग्न होऊन केमला आल्या तेव्हा विहिरीत उतरायला भ्यायच्या ते, नवरा गेल्यावर विहिरीवरच्या मोटारीचा डबा पहिल्यांदा स्वतः कसा उघडला ते. मग त्यांनी मला विचारलं की मुलांना मी शाळेत नेमकं काय शिकवते. हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. मी वारे कसे वाहतात, पाऊस आपल्या भागात कमी का पडतो, ते सांगितलं. त्यांनी मधे मधे इतके प्रश्न विचारले की कुर्डुवाडी कधी गेली ते मला कळलं नाही.

केमला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सून अजून निघायची होती. शेजारच्या दोघी-तिघी डोळा बघायला आल्या. आक्का बाजेवर बसल्या आणि त्यांनी डोळ्याचं दोन वाक्यांत आटोपून दाराची हकीगत सुरू केली. त्या हकीगतीत गॅरेजवाल्यानं मोटार मेली म्हणून शपथ घेतली होती, बॅटरीवर हातभर जाळ उठला होता, आणि तुटलेली वायर आक्कांनी स्वतः, नव्या डोळ्यानं, गॉगलमधून, लांबून ओळखली होती.

"आन् ही?" एकीनं माझ्याकडं बोट दाखवत विचारलं.

"ही? हिनं गाडीला नाडी ओवली," आक्का म्हणाल्या, आणि त्या बाया हसायला लागल्या.

मी काही दुरुस्त केलं नाही. सुनेनं माझ्यापुढं ताट ठेवलं होतं. गरम भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. भूक सडकून लागली होती. मी भाकरी मोडली आणि आक्कांचं पुढचं ऐकत जेवायला बसले.